मागच्या दारचं ऊन

तीन दिवसांनी घरी आल्यावर तिने बॅग पुढच्या खोलीत टाकली आणि चपला काढायच्याही आधी सवयीने स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा तिला वाटलं, जाताना आपण दिवा चालूच ठेवून गेलो. ओटा चकचकत होता. नळाच्या तोटीवर पांढरे डाग होते, इतकी वर्षं ते तिथेच असणार, पण तिने ते पहिल्यांदा पाहिले. तिने बटण दाबलं तर दिवा लागला. म्हणजे तो बंदच होता. तिने तो पुन्हा बंद केला, तरी ओटा तसाच चकचकत राहिला. मग तिने मागच्या दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेतून ऊन आत आलं होतं. सकाळी अकरा वाजता तिच्या स्वयंपाकघरात ऊन. दार उघडण्यापूर्वीच तिला कळलं की अक्रोडाचं झाड गेलं.

अक्रोड शेजाऱ्यांचा होता, कुंपणाला अगदी चिकटून उभा, पण त्याची अर्धीअधिक सावली या बहिणींच्या हद्दीत पडायची. आई होती तोवर ती मागच्या दारच्या त्या चौदा पावलांच्या तुकड्याला 'मागचा अंधार' म्हणायची. तिथे गवत धरत नसे, कपडे वाळत नसत. लहानपणी दोघी बहिणी तिथे पडलेले अक्रोड सोलायच्या आणि मग आठवडाभर दोघींची बोटं काळीकुट्ट. आई गेल्यावर वरचा मजला ताईकडे आला आणि खालचा हिच्याकडे, तेव्हा वाटणीच्या बोलण्यात त्या तुकड्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं. दोनेक वर्षांनी एकदा रोपवाटिकेतल्या बाईंना तिने सहज विचारलं होतं, उजेडच येत नाही अशा ठिकाणी काय लावावं. बाईंनी कोपऱ्यातली एक कुंडी पुढे सरकवली. "अ‍ॅस्टिल्बी. हिला उजेडाची हौस नाही. ओल मात्र तुटू देऊ नका." पानं नेच्यासारखी कातरलेली, देठ तांबूस, आणि वर एक मळकट गुलाबी काडी, जिचं पुढे काय होणार याचा तिला काही अंदाज नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात त्या काडीचा तुरा झाला. बारीक बारीक फुलांचा, पिसासारखा, वाऱ्याने नव्हे तर नुसत्या श्वासाने हलेल असा. त्या अंधारात तो स्वतःच्या उजेडाने उभा होता. तिने ताईला हाक मारून खाली बोलावलं होतं, आणि ताई पायऱ्या उतरता उतरता म्हणाली होती, "काय झालं, साप निघाला?"

त्याला अकरा वर्षं झाली. पुढे पांढऱ्या आणि लाल तुऱ्यांची एकेक कुंडी आली, आणि त्या तीन कुंड्यांचे बावीस गड्डे झाले. तीन-चार वर्षांनी गड्डा मधोमध लाकडासारखा टणक होतो, तुरे बारके येतात. मग तो उपटून जाड सुरीने कापायचा, प्रत्येक तुकड्यावर कोंबांचे तीन तरी डोळे राहतील अशा बेताने, आणि कुजलेल्या पानांच्या खतात पुन्हा लावायचा. हे ती एकटी करायची. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची, अठ्ठावीस वर्षं. तिच्या हातांना कापायचं, घासायचं, बसवायचं एवढंच येत होतं, आणि इथेही तेवढंच लागायचं. पांढरे तुरे कुंपणाशी, गुलाबी मधे, आणि दारापाशी गडद लाल, जे सगळ्यात उशिरा यायचे. फुलं सरली तरी ती तुरे कापत नसे. ते वाळून तपकिरी व्हायचे आणि थंडीभर तसेच उभे राहायचे. लग्न तिने केलं नव्हतं, ताईनेही नाही. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या. पण संध्याकाळी लॅबमधून आल्यावर हातात पाण्याची नळी धरून ती त्या गार सावलीत उभी राहायची तेव्हा तिला वाटायचं, काहीतरी आपल्यावाचून अडतं आहे, आणि ते बरं वाटायचं.

आता तिथे लाकडाच्या भुशाचा पिवळा थर होता. कुंपणापलीकडे एक बुंधा, ताटाएवढा पांढरा आणि ओला. आणि सगळीकडे ऊन, सपाट, निर्लज्ज ऊन. पुढच्या आठवड्यात फुलायचे ते तुरे देठावरच वाकले होते. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या. तिने एक पान बोटात धरलं तर त्याचा चुरा झाला. माती मात्र ओली होती. कुणीतरी सकाळीच पाणी घातलं होतं.

"आलीस का?" ताई मागे उभी होती. तिच्या हातात रिकामी झारी होती. "मी म्हटलं तू दुपारी येशील."

"हे कधी झालं?"

"तू गेलीस त्याच दिवशी. सकाळी माणसं आली, संध्याकाळपर्यंत सगळं साफ. बुंधा आतून पोकळ झाला होता म्हणे."

"तू काही बोलली नाहीस?"

"मी काय बोलणार, छोटे? झाड त्यांचं." ताई चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली होती आणि कुठलंही वाक्य उत्तर फळ्यावर लिहून झाल्यासारखं संपवायची. "पाणी मात्र मी तिन्ही दिवस न चुकता घातलंय हं."

दोघींनी मिळून जुन्या चादरी काढल्या. कुंपणापासून दाराच्या वरच्या खिळ्यापर्यंत दोरी ताणली आणि त्यावर चादरी टाकल्या. ताईने स्टुलावर चढून टोक धरलं. तिचा गुडघा दुखत असताना ती चढली. चादरीखाली जी सावली पडली ती सावलीसारखी नव्हती, पांढरट आणि गरम होती, तंबूत असते तशी. "होईल गं सगळं नीट," ताई वरून म्हणाली. तेव्हा हिला रडू आलं, आणि ते झाडासाठी जेवढं होतं तेवढंच स्टुलावरच्या त्या दुखऱ्या गुडघ्यासाठीही होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबला जाता जाता ती शेजाऱ्यांच्या दुकानात शिरली. ते चष्मे करायचे, बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं जुनं दुकान होतं. मऊ माणूस, मोठ्याने बोलायची त्यांना सवयच नव्हती. ती मात्र रस्ताभर वाक्यं जुळवत आली होती आणि दारातूनच सुरू झाली. अकरा वर्षांची मेहनत आहे, निदान एका शब्दाने सांगायचं होतं, थंडीत तोडलं असतं तर झाडं तरली तरी असती. चष्मेवाल्यांनी हातातली काच पुसायची सोडून खाली ठेवली. मग म्हणाले, "अहो, पण तुमची सही आहे की."

"कशावर?"

"संमतिपत्रावर. लगतच्या दोन्ही मालकांची संमती लागते, त्याशिवाय पालिका झाड तोडू देत नाही. ताईंनी आणून दिलं ना तुमचं. मला तर वाटलं तुमचीच इच्छा होती. ताई म्हणाल्या, आमच्या घरात फार काळोख होतो हो, आम्ही दोघी कंटाळलोय." त्यांनी खणातून कागद काढला, काउंटरवर ठेवला आणि सवयीने तिच्याकडे सुलटा फिरवला.

वर ताईची सही होती, खाली तिची. तिचीच. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला येणारा फाटा, त्याखालची रेघ, रेघेखालचे दोन ठिपके. फक्त ते ठिपके ती आता देत नसे. मनगट दुखायला लागल्यापासून, चार-पाच वर्षं झाली, तिची सही रेघेपाशीच संपायची. ही तिची जुनी सही होती. ताईला नवी ठाऊक नव्हती.

"हो की," ती म्हणाली. "विसरलेच होते मी." असं आपण का म्हणालो ते तिला नंतर कितीतरी दिवस कळलं नाही. जीभ आपणहून ताईच्या पुढे जाऊन उभी राहिली, दुसरं काय. चष्मेवाले हसले, सुटल्यासारखे. तेही म्हणाले, वयाबरोबर होतं असं.

रस्त्यावर आल्यावर तिला प्रगतिपुस्तक आठवलं. ती चौथीत होती, ताई अकरावीत. गणितात लाल रेघ आली होती आणि वडील त्या दिवसांत आधीच कशावरून तरी धुमसत होते. ताईने तिला जिन्याखाली नेलं, मांडीवर पुस्तक घेतलं आणि वडलांची सही केली, एका दमात, पेन न उचलता. "बघत बघत केली की चुकते," ताई तेव्हा म्हणाली होती. "मनगट सैल सोडायचं. आपण तेच आहोत असं समजायचं." त्या जिन्याखाली धुळीचा आणि खडूचा वास होता, आणि ताईच्या वेणीची गाठ तिच्या गालाला घासत होती, आणि तिला वाटलं होतं की जगात आपलं काहीही वाकडं होऊ शकत नाही. पुढे सातवीपर्यंत ताईच सह्या करायची. त्या सह्यांवर हिचं बालपण निभावलं होतं. आणि आता ताईने मनगट सैल सोडून, आपण छोटी आहोत असं समजून, हिच्या नावाने लिहून दिलं होतं की आमची हरकत नाही.

लॅबमध्ये त्या दिवशी वरच्या जबड्याची एक कवळी होती. मेणात दात बसवायचे काम, ज्यात ती डोकं वापरत नसे. चौथा दात बसवताना तिला कागदावरची तारीख डोळ्यांपुढे दिसली. तीन आठवड्यांपूर्वीची, बुधवारची. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, तिने ताईला सांगितलं होतं की लॅबमालक मला दुसऱ्या शहरात पाठवतायत, नव्या यंत्राच्या शिक्षणाला, पण मी नाही जाणार. लॅबमालकांनी विचारलं होतं सोमवारी. ते तिने ताईला सोमवारीच सांगितलं होतं. गुरुवारी फक्त नकार पक्का केला होता, आणि तेव्हा त्या कागदावर सही होऊन एक दिवस झाला होता. ताई तेव्हा भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून ती म्हणाली होती, "का नाही? तुझ्यासारखे हात कुणाचे आहेत त्या लॅबमध्ये? आयुष्यभर मागे मागे राहिलीस. आता एकदा जा. माझ्यासाठी जा." असं ताई कधी बोलायची नाही. ताईच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, आणि तिने ते इतक्या सहज दिलं होतं की हिला दोन दिवस ते आठवून आठवून हसू येत होतं. मालकांना हो सांगताना तिची मान किती ताठ होती. ताईने डबा करून दिला होता, बॅगेची चेन नीट लागत नव्हती तर ती साबण लावून सारखी केली होती.

आणि तिथे, वीसेक माणसांच्या त्या हॉलमध्ये, पहिल्याच दिवशी तिने हात वर करून प्रश्न विचारला होता. संगणकावरचा जबडा खऱ्या जबड्यासारखा बाजूला सरकत नाही, मग चावा, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते, तपासायचं कसं? शिकवणारा माणूस थांबून म्हणाला होता, प्रश्न चांगला आहे. मधल्या सुट्टीत तिने ताईला फोन केला. ताई ऐकत होती, हसत होती, "मग? मी म्हटलं नव्हतं?" म्हणत होती. पाठीमागे कसलातरी घरघराट चालला होता, मधेच थांबून पुन्हा चढणारा. हिने विचारलं होतं, कसला गं आवाज? ताई म्हणाली होती, "रस्त्याचं काम काढलंय."

तिने हातातला दात मेणातून उपसून काढला. तो वाकडा बसला होता.

त्यानंतरचे आठ दिवस ती काही बोलली नाही. रात्रीचं जेवण दोघींचं वरच असायचं, ती जायची, जेवायची, भांडी विसळायची. बोलायला तोंड उघडलं की समोर ताईचं तोंड दिसायचं. ताईच्या खालच्या दाढा हिनेच बनवल्या होत्या. ताईचा चावा कुठल्या बाजूला केसभर जास्त पडतो, कुठली दाढ आधी टेकते, सगळं हिला पाठ होतं, लॅबच्या फळीवर त्या जबड्याचा प्लास्टरचा साचा अजून होता. याच तोंडाने ताई 'रस्त्याचं काम' म्हणाली होती. हिला राग येत होता असंही नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला आपलंच मागचं आयुष्य तपासावंसं वाटत होतं, जिथे जिथे ताई प्रेमाने बोलली होती ती प्रत्येक जागा ठोकून पाहावी, कुठे पोकळ वाजतं. आणि हे भयंकर होतं, कारण बहुतेक सगळीकडे ताईच होती.

रविवारी दुपारी ती वर गेली ते काहीतरी परत द्यायच्या निमित्ताने. ताई खिडकीशी खुर्ची ओढून वाचत होती. दिवा बंद होता. ऊन तिच्या मांडीवर, पुस्तकावर, गालाच्या अर्ध्या भागावर पडलं होतं, आणि त्या उजेडात ताई दहा वर्षांनी लहान दिसत होती. ती गुणगुणत होती. ताईला गुणगुणताना हिने कधी ऐकलं होतं ते आठवेना.

"माझी सही छान जमली तुला," ती दारातूनच म्हणाली. "फक्त ते ठिपके मी आता देत नाही."

ताईने पुस्तक मिटलं नाही. बोट पानावर तसंच ठेवलं. मग म्हणाली, "चष्मेवाले बोलले वाटतं."

"त्यांना वाटलं मला माहीत आहे."

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"विचारलं होतं." ताईचा आवाज वर्गातला नव्हता. "तीन वर्षांपूर्वी. नुसत्या दोन फांद्या छाटू म्हटलं होतं, या खिडकीसमोरच्या. तू हसलीस. म्हणालीस, फांदी छाटली की माझे तुरे करपतील. आणि खाली निघून गेलीस. मी दिवसभर या खोलीत असते, छोटे. दुपारी बारालाही दिवा लावून वाचायचं. सकाळी जाग आली की कळायचं नाही, उजाडलंय की नाही. शाळा होती तोवर चालून गेलं. नंतर मला वाटायला लागलं, मी विहिरीत बसलेय. तू संध्याकाळी यायचीस, नळी घ्यायचीस, तासभर त्यांच्याशी असायचीस. मी वरून बघायची. एकदाही मान वर केली नाहीस."

हिला ते हसू आठवलं. खरंच होतं ते. असं काही विचारलं गेलं होतं आणि ती हसली होती, आणि त्यानंतर तो विषय तिच्या मनातून इतका साफ पुसला गेला होता की तो आज दुसऱ्या कुणाची तरी आठवण असल्यासारखा समोर आला. तिला लाज वाटली. लाज वाटली तरी ती सही मनातून हलली नाही. ताई भांडली असती, ताईने चादरी फाडल्या असत्या, गड्डे उपटून फेकले असते तरी चाललं असतं.

"एकच सांग," ती म्हणाली. "मला जा म्हणालीस ते. तुझ्यासारखे हात कुणाचे आहेत म्हणालीस. ते माझ्यासाठी म्हणालीस की झाडासाठी?"

ताईने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे आता नुसतं आकाश होतं. खोटं बोलायला तिला बराच वेळ होता, आणि हिला वाटत होतं की तिने बोलावं, 'तुझ्यासाठी' एवढंच म्हणावं, आपण विश्वास ठेवू.

"दोन्हीसाठी," ताई म्हणाली.

हिने मान डोलावली आणि जिना उतरून खाली आली. खाली येऊन ती पाणी प्यायली. 'दोन्हीसाठी' हे खरंच असणार, ताई गणिताची होती. पण त्यातला किती भाग कुणाचा हे आता कधीच वेगळं काढता येणार नव्हतं. हॉलमधला तो वर केलेला हात, ताठ मान, साबण लावलेली चेन, सगळ्यालाच आता झाडावर चाललेली ती करवत लागली होती.

आठवड्याने आभाळ भरून आलं, ऊन नव्हतं, तेव्हा तिने गड्डे काढले. बावीसपैकी नऊ कुजले किंवा वाळले होते. उरलेल्यांची जळकी पानं तिने मुळापाशी कापली, मुळं ओल्या पोत्यात गुंडाळली. लॅबच्या मागे, भट्टीची खोली आणि शेजारच्या गोदामाची भिंत यांच्यामध्ये, दीड हात रुंद जागा होती जिथे कुणी जात नसे. उत्तरेकडची, कायम ओलसर. लॅबमालकांना तिने विचारलं, तर ते म्हणाले, "लावा की, पण दिसणार कुणाला?" तीन खेपांत तिने तेरा गड्डे तिथे नेले. ताई वरच्या खिडकीतून बघत होती. तिने मदतीला येऊ का असं विचारलं नाही आणि हिने मान वर केली नाही. त्या वर्षी एकही तुरा आला नाही. ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथे उभी राहायची आणि मातीत बोट खुपसून ओल बघायची.

मागच्या तुकड्यात ताईने मग कपडे वाळत घालायला सुरुवात केली. दोघींचं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं. म्हणजे दूध आलं का, औषध घेतलंस का, गुडघा कसा आहे. एका घरात दोन माणसं अशीही राहतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही वेगळं दिसत नाही. नव्या यंत्रावर ती आता सरावाने काम करत होती. मालकांनी तिचं कौतुक केलं ते तिने वर जाऊन सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका मंगळवारी, ती भट्टीच्या खोलीमागे गेली तर भिंतीशी पहिला पांढरा तुरा उघडला होता. शेजारी आणखी दोन फुगलेले. गड्ड्यांनी जागा धरली होती, पानं हिरवीगार, देठ तांबूस, जसे पहिल्या वर्षी होते. ती डबा न खाता तिथेच उकिडवी बसून राहिली. तिच्या श्वासाने तुरा हलत होता.

संध्याकाळी जेवताना ताई जरा घुटमळली. मग ताटाकडे बघतच म्हणाली, "दिवस आले ना गं ते. तुझ्या झाडांना फुलं आली का?"

"नाही," ती म्हणाली. "तेराही गेली. एकही धरलं नाही."

तिने ताईला कधी खोटं सांगितलं नव्हतं; लहानपणी वडलांना सांगायचं तेही ताईच तिच्या वतीने सांगायची. शब्द सहज आले, मनगट सैल सोडल्यासारखे. ताईचा चेहरा उतरला. ती जेवायची थांबली, तिने टेबलावरून हात पुढे करून हिच्या हातावर ठेवला, आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे," ताई म्हणाली. "माझ्यामुळे झालं सगळं."

ताईच्या तळहाताला अजून ऊब होती, दिवसभर खिडकीत बसण्याची. हिने हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिने भाताचं भांडं जवळ ओढलं आणि ताईला विचारलं, "तुला वाढू थोडा?"